मोगऱ्याला पाजलेली कॉफी

प्रिय आक्का,

काल तुझं वर्षश्राद्ध झालं. तू असतीस तर हसून हसून ठसका लागला असता तुला. नव्हतीस, म्हणून मला एकटीला हसू दाबावं लागलं, आणि ते काही नीट जमलं नाही.

जेवणं उरकली, पाहुणे ढेकर देत ओसरीत टेकले आणि आत्याबाईंनी देवघरातून तांब्या-ताम्हण मागवलं. आपल्या सासूबाईंचा या रिवाजावर किती जीव आहे ते तुला वेगळं सांगायला नको. गेलेल्या माणसाच्या नावाने वर्षाच्या दिवशी घरातल्या प्रत्येकाने आपली एक आवडती खाण्यापिण्याची वस्तू सोडायची. हातावर पाणी घ्यायचं, वस्तूचं नाव घ्यायचं, पाणी ताम्हणात सोडायचं. मग जन्मभर ती वस्तू तोंडात घालायची नाही.

तुझ्यासाठी कोणी काय सोडलं, ऐकायचंय? दाजींनी दोडका सोडला. तुझ्या सख्ख्या नवऱ्याने! ज्या माणसाने उभ्या संसारात ताटातला दोडका बोटाने कडेला सारला, त्याने काल उपरण्याने डोळे पुसत दोडक्याचा त्याग केला. आमच्या ह्यांनी पपई सोडली, कारण पपईने त्यांचं पोट बिघडतं. आणि आत्याबाईंनी स्वतः काय सोडलं असेल? ऊस! तोंडात एक दात नाही म्हातारीच्या! तरी ओसरीतले पाहुणे माना डोलावत होते, किती माया, किती माया म्हणत होते. असल्या मायेची मला शिसारी येते.

मग माझी पाळी आली.

“सुमन, तू काफी सोड,” आत्याबाई म्हणाल्या. “तिला लई याड व्हतं काफीचं. तुमी दोघी बहिनी त्या काफीपायी साऱ्या जिल्ह्यात हिंडल्या. तुजी सोडायची चीज तीच.”

पाणी माझ्या तळहातावर होतं. मी ते अंगणात झटकलं आणि म्हणाले, “म्या न्हाई सोडत.”

दाजी उपरणं डोळ्यांवरून काढून माझ्याकडे बघायला लागले. आत्याबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “मंग काय सोडती ते परवा सकाळपत्तुर सांग. तांब्या भरेल ठिवते म्या.”

तो तांब्या आत्ता देवासमोर झाकून ठेवलाय. उद्या सकाळी मला उत्तर द्यायचंय. म्हणून हे पत्र. खरं म्हणजे मला तुझ्याशी भांडायचंय आणि तू समोर नाहीस. ऐन भांडणात उठून जायची खोड तुला लहानपणापासूनच होती.

सगळं सुरू झालं तुझ्या बंगलोरपासून. तोवर आपलं जग ते केवढं? माहेर शहागडला, सासर अंबडला आणि दवाखाना जालन्याला. एकाच घरात दोघी सख्ख्या बहिणी दिलेल्या, तू थोरल्याला, मी धाकट्याला. बहिणीच्या बहिणी आणि जावांच्या जावा. एका चुलीपाशी इतकी वर्षं काढली, तरी दोघीच अशा कुठे बसलो असू तर त्या मागच्या दारच्या पायरीवर, तेही शेंगा फोडायच्या निमित्ताने.

तुझा संजू कॉम्प्युटरच्या नोकरीला बंगलोरला गेला आणि पंधरा दिवसांसाठी आईला घेऊन गेला. मला वाटलं, ही येताना मला एखादी साडी आणील. आणलीस काय, तर उदबत्ती! आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी तुरीची डाळ निवडताना सुरू झालीस.

“सुमे, तिथं म्या एक काफी पेली. मोका म्हन्त्यात.”

“म्हंजी?”

“काफीत चाकलेट टाकत्यात. वरून असा सायीचा ढीग. कडू बी लागती अन् गोड बी. तू पेलीस तर येडी व्हशील.”

त्यावर मी काय म्हणाले ते तू पुढे सगळ्यांना माझी नक्कल करून दाखवायचीस. मी म्हणाले, “काफी ती काफी. दुधात पावडर. ताप आलेल्या मान्साला देत्यात.” मी पहिल्यापासून चहाची. पहाटे आलं ठेचून केलेला पहिला कप पोटात गेल्याशिवाय मला देवाचंही नाव सुचत नाही, आणि त्यानंतर दिवसभरात आणखी पाच. तुझ्या त्या मोकाचं मला काय कौतुक?

तू सुपातला खडा उचलून बाजूला टाकलास आणि म्हणालीस, “तुला पाजल्याबिगर म्या मरायची न्हाई.”

मेलीस ना पण? शब्दाला काही किंमत असते की नाही, आक्का?

आता आपल्या घरातून दोन सुनांनी कॉफी प्यायला बाहेर पडायचं म्हणजे अशक्यच. पन्नाशी उलटली तरी! देवळात जा, दवाखान्यात जा, माहेरी जा. चौथी जागा आत्याबाईंच्या लेखी नव्हतीच. तू दुसऱ्याच आठवड्यात गुडघा धरून बसलीस. जालन्याच्या डॉक्टरला महिन्याच्या महिन्याला दाखवायचं आणि एकटीला एसटीत चढवत नाही म्हणून सुमीला संगं न्यायचं. किती सुंदर लंगडायचीस गं! घरापासून अंबडच्या स्टँडपर्यंत लंगडायचीस आणि बस सुटली की सीटवर मांडी घालून बसायचीस. डॉक्टरकडे आपण एकदाच गेलो. त्याने गुडघा दाबून पाहिला आणि काहीच नाही म्हणाला, तर बाहेर आल्यावर तूच तोंड वाकडं करून म्हणालीस, “ह्याला काई बी कळत न्हाई.” आत्याबाईंना मात्र सगळं कळत होतं, हे मला काल त्यांच्या बोलण्यावरून समजलं.

पहिली कॉफी अंबडलाच झाली, जालन्याची बस चुकली म्हणून, स्टँडसमोरच्या हॉटेलात. बायका दिसल्याबरोबर मालकाने आपल्याला फॅमिली रूममध्ये ढकललं. काय ती फॅमिली रूम! हिरवा पडदा, त्याला पुसलेल्या बोटांचे डाग, कोपऱ्यात बटाट्याचं पोतं आणि बंद पडलेला कूलर. फॅमिली म्हणजे जी झाकून ठेवायची ती, एवढीच त्या माणसाची समजूत. तू ऐटीत विचारलंस, “मोका हाय का?”

“काफी हाय,” तो म्हणाला. “ते दुसरं काई न्हाई.”

आणि त्याने जे आणलं त्याला कॉफी म्हणायला लाज वाटावी. कोमट दूध, मूठभर साखर, वर चिमटीने टाकलेली पावडर, आणि सगळ्याला कांद्याचा वास, कारण त्याच हातांनी त्याचं भज्यांचं काम चाललं होतं. मी एक घोट घेऊन पेला खाली ठेवला आणि चहा सांगायला तोंड उघडलं, तर तू माझं मनगट धरलंस.

“काफी धुंडायला निगाल्यावर चहा प्यायचा न्हाई.”

हा नियम कोणी केला? तूच. दोन वर्षं बाहेर पडल्यावर मला चहाचा थेंब मिळू दिला नाहीस. त्या दिवशी तू तुझा पेला संपवलास, मग माझाही संपवलास, पदराने तोंड टिपलंस आणि म्हणालीस, “ही न्हाई. पुढच्या म्हैन्यात बगू.”

पुढच्या महिन्यात आपण जालन्याला, मोसंबीचा रस काढणाऱ्या एका दुकानात. पाटीवर कोल्ड कॉफी लिहिलं होतं, तेवढ्यावर तू आत शिरलीस. दुकानदार म्हणाला, “मोका? अभी बना देता हूँ, अम्मा.” काय तो आत्मविश्वास! आईस्क्रीमवर ओततात ते चॉकलेटचं पाणी, दूध, बर्फ, पावडर, सगळं त्याने मिक्सरमध्ये घातलं. त्याच मिक्सरमधून नुकता कोणाचा तरी मोसंबीचा रस निघाला होता आणि भांडं विसळायचे कष्ट त्याने घेतले नव्हते. दूध फाटलं. आपल्या डोळ्यांदेखत फाटलं! तो चॉकलेटी चोथा ग्लासात ओतून तो आपल्यालाच सांगतो, “देखो, कैसा गाढ़ा बना.”

“हे प्यायचं का याच्यानं भिंत सारवायची?” मी विचारलं. तू इतकी हसलीस की बाकावरून घसरायची बाकी होतीस. आणि मग चमचा मागून घेतलास आणि ते खाल्लंस. सगळं खाल्लंस, आक्का! मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मग ते लग्न, दाजींच्या आतेभावाच्या मुलीचं, जालन्याच्या मंगल कार्यालयातलं. दारातच ते फुसफुसणारं वाफेचं कॉफी मशीन आणि त्यापुढे अख्खं वऱ्हाड. जरीच्या साड्या नेसलेल्या बाया कागदी कपासाठी एकमेकींच्या पायांवर पाय देत होत्या. अक्षतांना कोणाला एवढी घाई नव्हती. तू तीन वेळा रांगेत उभी राहिलीस. मशीनवाला झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यातून प्रत्येक कपावर कोकोची पूड भुरभुरवत होता. तिसऱ्या वेळी तू त्याला म्हणालीस, “वरून काय भुरभुरतो? मधात टाक की चार चमचे.”

“ताई, ती नुसती दिसायला असती,” तो म्हणाला.

निदान तो तरी खरं बोलला. त्या मांडवात बाकी सगळंच दिसायला होतं. नवऱ्या मुलाची नोकरीसुद्धा पुढे दिसण्यापुरतीच निघाली.

शहागडच्या ढाब्याचं तर नाव काढू नये, पण काढते. माहेराहून परत निघालो होतो, बसला अवकाश होता, हायवेला ढाब्याच्या पाटीवर चाय कॉफी लिहिलेलं. खाटांवर ट्रकवाले आडवे पडलेले. मालकाने जे आणलं त्याचा मला रंगच कळेना, म्हणून विचारलं, हा चहा का ही कॉफी?

“चहाच्याच पातेल्यात पावडर टाकतो, ताई. दोन्हीची चव येती.”

चहाचा एवढा अपमान मी जन्मात पाहिला नव्हता. मी त्याला असं काही सुनावलं की दोन ट्रकवाले उठून बसले. आणि तू? खाटेवर पाय पसरून दोन कप प्यायलीस. गोदावरीकडून वारा येत होता, तुझ्या डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता आणि तू तो सावरलाही नाहीस. “ही न्हाई,” म्हणालीस, “पण बसायला बरी हाय जागा.”

आता एक गोष्ट सांगते. ती तुला जिवंतपणी सांगायची माझी हिंमत झाली नाही.

पहिल्या दिवाळीच्या आधी संजूच्या एका मित्राने घरी पुडकं आणून दिलं होतं. तू तेव्हा शेतावर कापूस वेचायच्या गडबडीत होतीस. पुडक्यात तपकिरी पूड, चॉकलेटची एक जाड वडी आणि चिठ्ठी, ‘आईच्या मोकासाठी’. म्हटलं, ही आली की तिच्यापुढे कप आदळते आणि एकदाची ही कटकट मिटवते. दूध उकळलं, दोन चमचे पूड टाकली, ढवळलं. विरघळेना! आणखी ढवळलं, आणखी उकळलं. आपल्या घरात कॉफी म्हणजे बाटलीतली, दुधात पडली की नाहीशी होणारी. ही तळाला मुरमासारखी बसली. चॉकलेट चाटून पाहिलं तर ते कडूजहर.

आत्याबाईंनी पूड चिमटीत चोळली, हुंगली आणि निकाल दिला. “चिंचुके जाळून कुटेल हायेत. शहरात बराबर फसवत्यात लोकायला. फेकून दे.”

मलाही ते पटलं. खोटं कशाला बोलू, इंजिनियर झालेल्या तुझ्या लेकाला कोणीतरी जळके चिंचोके विकले याचा मला मनातून आनंदच झाला. मी पूड मागच्या दारच्या मोगऱ्याच्या बुडाशी ओतली, चॉकलेट उकिरड्यावर टाकलं आणि चिठ्ठी बंबात घातली. तू आलीस तेव्हा मी चहा पीत बसले होते.

पुढे कधीतरी टीव्हीवर एक बाई कॉफी करताना दिसली. ती कॉफी गाळत होती. गाळत, आक्का! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की ती पूड विरघळायची नसतेच. उकळतं पाणी घालून तिचा अर्क गाळून घ्यायचा असतो. जी वस्तू चालत घरात आली होती ती मी झाडाला पाजली आणि तू गुडघा धरून तीच जिल्हाभर शोधत होतीस. त्यानंतर प्रत्येक वेळी तू “ही न्हाई” म्हणालीस की मला तो मोगरा आठवायचा. आणि ते लपवायला मी हॉटेलवाल्यांवर आणखी तोंड सोडायची.

शेवटची जागा जालन्यातलीच, कॉलेजच्या रस्त्याला नव्याने उघडलेलं ते कॉफी शॉप. बाहेरून काळी काच, आत थंडगार, कोचांवर बदामाच्या आकाराच्या लाल उश्या. एकमेकांना चिकटून बसलेली पोरं-पोरी आपल्याला बघून अशी दचकली, जशा आपण त्यांच्या आयाच. गळ्यात बिल्ला घातलेला मॅनेजर लगबगीने आला.

“काकू, इथं कपल बसतात.”

गंमत बघ! अंबडला आपण फॅमिली म्हणून पडद्याआड, आणि इथे कपल नाही म्हणून बाहेर. दोन बायकांनी नुसतं खुर्चीवर बसावं अशी सोय या जिल्ह्यात कोणी केलीच नव्हती. मी पिशवी उचलली. तू मात्र कोचावर बसकण मारलीस.

“आमी बी जोडीच हाव,” तू म्हणालीस. “पन्नास वर्सांची. ह्यांची तेवढी टिकती का बग.”

त्या मॅनेजरचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याने मुकाट्याने यादी आणून दिली आणि यादीत चक्क मोका होता! तू त्यावर बोट ठेवलंस. त्याने मशीनचं बटण दाबलं आणि दोन उंच कप आणून ठेवले. वर कपडे धुण्याच्या पावडरीसारखा फेस, खाली लहान पोरांच्या दुधात घालतात त्या चॉकलेटी पावडरचं गोडमिट्ट पाणी. कॉफीचा तर वासही नाही. मी ते सगळ्या पोरांना ऐकू जाईल असं बोलून दाखवलं. तू ओठावर फेस घेऊन तासभर बसलीस. काचेतून रस्ता दिसत होता. “आपल्याला लोकं दिसत्यात अन् लोकायला आपुन न्हाई,” म्हणालीस, आणि रस्त्यावरच्या एकेका माणसाची आपण दोघींनी मिळून जी काही चिरफाड केली ती इथे लिहीत नाही.

उठताना मी विचारलं, “आता तर मोकाच पेली ना? हीच ना ती?”

तू अगदी विचार केल्यासारखं केलंस. “ही न्हाई. पुढच्या म्हैन्यात बगू.”

पुढचा महिना उजाडायच्या आतच तू गेलीस. सकाळी कपडे वाळत घालता घालता. अर्धी साडी दोरीवर आणि अर्धी मातीत, तशीच सापडलीस मला. डॉक्टर म्हणाले, हृदय. दोन वर्षं न दुखणाऱ्या गुडघ्याचं नाटक केलंस आणि जे दुखत असेल त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस? माझ्यापाशीसुद्धा नाही? याचा राग माझा अजून गेलेला नाही आणि जाणारही नाही.

आता कालची सकाळ. संजू बंगलोरहून सगळं घेऊन आला होता, पूड, चॉकलेट, बारीक जाळीचं गाळणं. आईच्या पानावर एक कप ठेवायचा म्हणाला. आत्याबाईंनी त्याला स्वयंपाकघरातून पिटाळलं, पित्राच्या पानावर असलं काही चालत नाही म्हणून. उसाचा त्याग चालतो! तो कप घेऊन मागच्या दारी आला. मी पायरीवर मेथी निवडत होते, मोगऱ्यापाशी.

“मावशी, मंग तूच घे,” म्हणाला.

मी हात पुसले आणि कप घेतला. ज्याच्यापायी सारा जिल्हा पालथा घातला तो हा कप. आधी वास घेतला. मग एक मोठा घोट घेतला.

आक्का, मला आवडली नाही.

खरंच सांगते, बिलकुल आवडली नाही. कडू! जिभेवरून घशापर्यंत कडू, आणि ते चॉकलेट गोड व्हायचं विसरूनच गेलेलं. मी संजूला म्हणाले, “हीच का ती? हिच्यापायी तुजी माय येडी झाल्ती?”

संजू हसायला लागला. “येडी कशाची, मावशी? आईनं अर्धी बी पेली न्हवती. कडू औशिद हाय म्हन्ली अन् कप सारला बाजूला.”

“मंग माज्यामागं कशापायी लागली व्हती?” मी विचारलं.

“बाजूच्या टेबलावर दोन बाया बसल्या व्हत्या, तिच्याच वयाच्या,” तो म्हणाला. “पाय पसरून गप्पा मारून राह्यल्या व्हत्या. आई त्यांच्याकडंच बगत व्हती. मला म्हन्ली, ह्या कोनासंगं आल्या? म्या म्हन्लं, कोनासंगं न्हाई, दोघीच. मंग म्हन्ली, सुमीला आनाया पायजे व्हतं.”

मग मी ते पुडक्याचं कबूल केलं त्याच्याजवळ. कोणाजवळ तरी करायलाच हवं होतं.

“म्हाइती हाय की,” संजू म्हणाला. “मोगऱ्याच्या बुडाशी वास आल्ता तिला. तवाच फोन केल्ता. म्या म्हन्लं, दुसरी पाठवतो, कशी गाळायची ते बी सांगतो. तर म्हन्ली, बिलकुल पाठवू नको. घरीच व्हयला लागली तर सुमी माज्यासंगं बाहेर कशाला येतीया?”

खोटारडे! माहीत होतं तुला! दोन वर्षं मी आतल्या आत जळत होते आणि तू फाटलेल्या दुधाचा चोथा चमच्याने खात माझी गंमत बघत होतीस! “ही न्हाई” म्हणताना तुझे डोळे कसे लुकलुकायचे ते आता आठवतंय. बंगलोरहून अख्खं दुकान उचलून अंबडला आणलं असतं तरी तू “ही न्हाई”च म्हणाली असतीस.

आणि मी स्वतःला काय समजत होते! दाजींचा दोडका मला दिसतो, म्हातारीचा ऊस दिसतो, हॉटेलवाल्याच्या हाताचा कांदा दिसतो. साऱ्या जगाची लबाडी मी दारातूनच ओळखते असा माझा तोरा. आणि शेजारी बसलेली बाई माझ्यासोबत आणखी एक महिना, आणखी एक महिना मागते आहे, हे मला कळलं नाही. मी मेली कपातल्या फेसाला नावं ठेवत बसले. माझ्याइतकी बिनडोक बाई जालना जिल्ह्यात दुसरी नसेल.

तू सरळ का नाही म्हणालीस? सुमे, चल, बसू कुठेतरी, एवढंच. मी आले नसते? खरं सांगू, नसते आले. काम पडलंय म्हणाले असते. तू मला बरोबर ओळखून होतीस.

तो कप मी काल पुरा संपवला. रडत रडत आणि तोंड वाकडं करत. संजू म्हणाला, राहू दे मावशी, आवडली नसली तर. मी त्याला गप बस म्हणाले. मोगऱ्याला एक थेंब दिला नाही.

आता उद्याचं. उद्या सकाळी मी आंघोळ करून आत्याबाईंसमोर बसणार आहे. दाजींना आणि आमच्या ह्यांनाही समोर बसवणार आहे, त्यांना बघू दे. हातावर पाणी घेईन आणि नाव घेईन चहाचं. दोडका नाही, पपई नाही. चहा, आक्का. पहाटेचा आल्याचा पहिला कप आणि त्यामागचे पाचही. डोकं ठणकेल, जीव जाईल, घरातल्या सगळ्यांवर खेकसेन, पण तुझ्या नावाने सोडीन ते खरं सोडीन.

आणि माझा गुडघा दुखायला लागलाय. आत्याबाईंना आजच सांगितलं, महिन्याच्या महिन्याला जालन्याला दाखवावं लागेल म्हणून. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. मी तुझ्यासारखी सुंदर लंगडत नाही, पण शिकेन. अंबडच्या हॉटेलात जाईन तेव्हा पडद्याच्या बाहेर, रस्त्यावरच्या टेबलावर बसेन. जालन्याच्या त्या काचेच्या दुकानात जाईन आणि त्या मॅनेजरने कपल विचारलं तर त्याला तुझं नाव सांगेन. जे समोर येईल ते शेवटच्या थेंबापर्यंत पिईन, मोठ्याने नावं ठेवीन, आणि उठताना न चुकता म्हणेन, ही न्हाई, पुढच्या म्हैन्यात बगू.

तुझी, जोडीतली उरलेली,
सुमी